फोटो द्यायचा राहिला

सिंगापूरला नवीन आले तेव्हा रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून एकटीच भटकायचे. सेरंगून रोडवरचे गजरेवाले, टेक्का मार्केटातली मासळी... तिथे घरच्यासारखं वाटायचं, म्हणून फोटोही हक्काने काढायचे.

सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात मात्र बिचकले. रस्त्याकडेला प्लास्टिक अंथरून, जुनी घड्याळं, रेडिओ, नाणी मांडून एक चिनी आजोबा बसले होते. मी लांबूनच, चोरून फोटो काढला. त्यांनी पाहिलं, पण रागावले नाहीत. हातानेच ‘जवळ ये’ म्हणाले. एक घड्याळ कानाला लावून मिश्कील हसले, तेव्हा काढला तो खरा फोटो!

‘छापून आणून देते’ असं खुणेनंच कबूल केलं. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. १० जुलै २०१७ ला, ८० हून अधिक वर्षं भरणारा तो बाजार कायमचा बंद झाला. आजोबांचं नावही मी विचारलं नव्हतं. प्रत अजून माझ्याच कपाटात आहे.

तेव्हा मंडळी, फोटो जरूर काढा. पण जवळ जाऊन, विचारून. आणि कबूल केलेली प्रत त्याच आठवड्यात पोचवा. आपलं हे शहर फार भराभर बदलतं हो!