म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला



भिवंडीला धामणकर नाक्यावर चहाला टेकलं, की यंत्रमागाच्या भावापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळ्या बातम्या फुकटात मिळतात. त्यातलीच एक अशी, की गाई-म्हशींच्या कानात सरकार जो पिवळा बिल्ला मारतं, त्यात म्हणे यंत्र आहे! गोठ्यातलं बोलणं थेट मंत्रालयात ऐकू जातं. दूध किती निघालं आणि त्यात पाणी किती पडलं, तेही कळतं. (हे शेवटचं ऐकून एखादा गवळीदादा घाबरला तर नवल नाही.)

असा संशय आपल्याकडेच येतो असं नाही. मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरच्या पीर पाव जेट्टीजवळ एक कबूतर सापडलं. पायात दोन कडी, पंखांवर चिनी लिपीसारखी अक्षरं. झालं! चीनचा हेर म्हणून त्याची चौकशी लागली आणि बिचारं परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांच्या दवाखान्यात आठ महिने अडकून पडलं. निघालं काय, तर तैवानचं शर्यतीचं पाखरू, वाट चुकलेलं. जानेवारी 2024 अखेर त्याला सोडून दिलं. उलट अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं 1960 नंतरच्या काही वर्षांत एका मांजरीच्या अंगात खरोखरच ध्वनियंत्र बसवून पाहिलं होतं. पण मांजर ती मांजर, भूक लागली की आपल्या वाटेनं जाणार. 1967 मध्ये तो उद्योग गुंडाळावा लागला.

आता आपला बिल्ला घ्या. प्लास्टिकचा तुकडा, त्यावर 12 आकडी क्रमांक आणि उभ्या रेघा. ना बॅटरी, ना तार. आवाज पाठवायचा तर वीज पाहिजे. आपला मोबाइल रोज रात्री भिंतीला टांगावा लागतो, मग वर्षानुवर्षं कानात लोंबणारा बिल्ला चालेल कशावर? आणि समजा ऐकलंच सरकारनं, तर ऐकणार काय? रवंथ!

सरकारला काहीच कळत नाही, असंही नव्हे. त्या क्रमांकावर मालकाचं नाव, मोबाइल, जनावराची जात, वय, लसी, कृत्रिम रेतन यांची नोंद 'भारत पशुधन' या संगणकीय वहीत होते. त्यात गैर काय ते सांगा. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचायची असते. कोणत्या गोठ्यात टोचली, कुठे राहिली, हे नोंदीशिवाय समजायचं कसं? एक जनावर सुटलं की त्याच्या लाळेनं शेजारचा गोठा लागतो, आणि दूध आटतं ते सगळ्या आळीचं.

म्हणून रात्री कात्री घेऊन बिल्ला कापू नका. विम्याला 'बिल्ला नाही तर दावा नाही' असा नियम असतो. दुभती म्हैस दगावली, की हजारो रुपयांवर पाणी. शिवाय 1 जून 2024 पासून बिल्ल्याविना जनावराची बाजारात खरेदी-विक्री होऊ नये, असा राज्य शासनाचा आदेश आहे. बाजाराला निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा आधीच मारून घ्या.

बिल्ला मारताना कानाच्या मधोमध, ठळक शिरा सोडून मारला जातो ना, ते पाहा. आधी व नंतर जंतुनाशक लावायला सांगा. पावसाळ्यात आठवडाभर रोज कान बघा. माशी बसली तर किडे पडतात, आणि मग बदनाम होतो तो बिल्लाच. क्रमांक वहीत लिहून ठेवा. झुडपात अडकून बिल्ला तुटला, तर दवाखान्यात कळवून नवा मारून घ्या, म्हणजे जुनी नोंद नव्या क्रमांकाला जोडता येते. जनावर विकलं, तर मालकाचं नाव बदलून घ्यायला विसरू नका. नाहीतर म्हैस शहापूरला आणि नोंद तुमच्या नावावर!

जनावर आजारी असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 वर फोन करा. बिल्ल्याचा क्रमांक हाताशी ठेवा. फोनवर बोलताना म्हैस शेजारी उभी असली तरी चालेल.