कुटाचा डबा आणि पी-५३



नागपूरच्या मिहानमध्ये आता एम्स आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं लोकार्पण झालं. जवळच जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे. याचं समाधान आहेच. पण दवाखाना हाकेवर आला म्हणून आपण निर्धास्त झालो, तर ते बरं नव्हे. यकृताच्या कर्करोगाची एक वाट आपल्या स्वयंपाकघरातून जाते, दाण्याच्या कुटाच्या डब्यातून जाते. आज मला त्या डब्याबद्दलच बोलायचं आहे.

त्यासाठी आधी पी-५३ या प्रथिनाबद्दल. त्याचा शोध १९७९ मध्ये लागला. पेशींच्या वाढीवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड होतात, ते डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा जणी भराभर लाटतायत आणि घरातली आजी खाटेशेजारी बसली आहे. ती स्वतः एकही पापड लाटत नाही. पण तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पापड लुगड्यावर वाळायला पडत नाही. पीठ घट्ट झालं की ती म्हणते, "थांबा गं." फाटका पापड आला की म्हणते, "मोड, पुन्हा लाट." आणि लाटीत खडाच निघाला, तर म्हणते, "टाकून दे." पी-५३ पेशीला हेच तीन हुकूम देतं. डीएनएला इजा झाली की विभाजन थांबव. दुरुस्ती कर. दुरुस्त होण्यापलीकडे गेलं असेल, तर पेशीनं मरून जावं. या तिसऱ्या हुकमामुळे आपल्या नकळत कितीतरी संकटं टळतात.

यकृताला तर या आजीची फारच गरज. एरवी त्याच्या पेशी शांत असतात. पण इजा झाली, एखादा भाग कापावा लागला, की त्या पुन्हा वाढून जागा भरून काढतात. ही देणगीच आहे. मात्र जिथे लाटणं इतकं जोरात सुरू होऊ शकतं, तिथे बघणारं कोणी नसेल तर काय होईल?

आता दाण्याकडे येते. भुईमुगाला शेवटी शेवटी पाण्याचा ताण बसला, किंवा शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या, की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी माग लागला. पोटात गेलेलं हे विष बाहेर टाकण्यासाठी यकृत त्याचं रूप बदलू पाहतं. त्या खटाटोपात त्याचा अधिक जहाल अवतार तयार होतो आणि तो थेट डीएनएला चिकटतो. १९९१ मध्ये चीनमधल्या चिदोंग भागातल्या यकृताच्या १६ गाठी तपासल्या, तर त्यातल्या ८ गाठींत पी-५३ च्या जनुकात नेमक्या एकाच जागी बिघाड सापडला. ३९३ अमिनो आम्लांच्या साखळीतलं २४९ वं आम्ल बदललेलं. दक्षिण आफ्रिकेकडच्या गाठींतही त्याच जागेवर बोट ठेवता आलं.

एवढ्याशा बदलानं आजीची नजर जाते. ती खाटेशेजारीच बसलेली असते, पण दिसत काही नाही. शिवाय पी-५३ चे रेणू चार-चार मिळून काम करतात. चार आज्यांच्या पंगतीत एक अशी येऊन बसली, की बाकीच्यांचंही काही चालेनासं होतं. मग फाटके पापड बिनबोभाट पुढे जातात, आणि लाटणं काही थांबत नाही.

म्हणून पुन्हा सांगते, कुटाचा डबा बघा. आपल्या घरांत काय होतं? टपोरे दाणे पाहुण्यांसाठी, चिवड्यासाठी. सुरकुतलेले, काळपट, कोंब फुटलेले दाणे मात्र "कुटात खपून जातील" म्हणून बाजूला ठेवायचे. बायांनो, नेमके तेच दाणे धोक्याचे! कुटात रंग लपतो. विषाला वास नसतो. भाजल्यानं बुरशी मरते, विष पुरतं जात नाही. आणि ते दाणे गाईपुढेही टाकू नका, कारण विषाचा अंश दुधात उतरतो. शेतकरी भावांनो, वेल उपटल्यावर शेंगा वर करून उन्हात खडखडीत वाळवा. ओलावा आठ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पोत्यात भरू नका.

यकृताचा प्रत्येक कर्करोग दाण्यामुळेच होतो, असं मी म्हणत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी आहेत, दारू आहे, यकृतात साठणारी चरबी आहे. पण हिपॅटायटिस बी आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले, की धोक्याची नुसती बेरीज होत नाही. शांघायमधल्या पुरुषांच्या पाहणीत, दोन्ही असलेल्यांना हा धोका दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे साठपट आढळला. विषाणू यकृताला सतत इजा करत राहतो, पेशी सतत विभागत राहतात, आणि बघणारी आजी तर आंधळी. तेव्हा बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बीची लस मिळाली का, हे डॉक्टरांना, नर्सताईंना आवर्जून विचारा. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. बाळाचा बाबा, आजी, आत्या, कोणीही विचारा. बाळंतिणीवर सोडू नका.

  ज्यांना कावीळ होऊन गेली आहे त्यांनी एकदा हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

शेवटी पुन्हा तेच सांगते. दाणे निवडताना हात आखडू नका. सुरकुतलेला, डागाळलेला, बुरशीचा दाणा कुटात नको, चटणीत नको, गाईच्या घमेल्यातही नको. मूठभर दाणे वाया गेले म्हणून हळहळू नका. तो खर्च घराला परवडतो.