पोटरी दुखतेय? ‘लेग डे’ म्हणून सोडून देऊ नका

रत्नागिरीतून बोलतोय. आजचा विषय जिमचाच आहे, पण प्रोटीन नाही, डाएट नाही. आज रक्ताबद्दल बोलूया.

आपल्याकडे कबड्डीवाली पोरं, पोलीस भरतीवाली पोरं, बॉडीबिल्डिंगची तयारी करणारी पोरं, सगळी एकाच जिममध्ये घाम गाळतात. आणि कधीतरी कोपऱ्यात कुणीतरी हळूच विचारतं, “कोर्स मारतोस का?” कोर्स म्हणजे स्टेरॉइड. गोळी किंवा इंजेक्शन.

स्टेरॉइड म्हटलं की आपल्याला नरसिंग यादव आठवतात. 2011, 2012, 2013, सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकआधी त्यांच्या चाचणीत मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाडाने ते मानलं, क्रीडा लवादाने मानलं नाही. चार वर्षांची बंदी आली. आपली चर्चा तिथेच थांबते: सापडला का, बंदी किती? पण जिममधल्या पोराची चाचणी घेतो कोण? कुणीच नाही. त्याला धरतं ते त्याचं स्वतःचं रक्त.

कसं, ते सांगतो. स्टेरॉइडमुळे शरीर तांबड्या पेशी जास्त बनवायला लागतं. रक्त घट्ट होतं. पातळ सार आणि घट्ट पिठलं, पाइपातून कुठलं लवकर वाहील? तसंच. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना जास्त चिकटू शकतात. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, धमन्यांचं अस्तर खराब होतं. एका कोर्सने उद्याच काही होईल असं नाही. पण वर्षानुवर्षं कोर्सवर कोर्स घेतले की हे सगळं साठत जातं.

डेन्मार्कमध्ये जिममधल्या डोपिंग चाचणीत सापडलेल्या 1,189 पुरुषांवर संशोधकांनी सरासरी 11 वर्षं लक्ष ठेवलं. बहुतेक तरुणच. त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा त्यांच्यात शिरांमधल्या गुठळ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं, हार्ट अटॅकचं सुमारे तिप्पट.

आता आपल्याकडची गोष्ट. दिवसभर उन्हात मॅच, पाणी कमी प्यायलेलं, आणि रात्री मुंबईची गाडी. सात-आठ तास पाय दुमडून बसायचं. रक्त आधीच घट्ट असेल तर पोटरीत गुठळी व्हायला अशी वेळ सोयीचीच. आणि पोटरी दुखली की आपण म्हणतो, “काल लेग डे होता ना!”

फरक ओळखा. लेग डेचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. एकच पाय सुजला, गरम लागतोय, लाल दिसतोय, दुखणं वाढतंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मालीश करू नका. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. थेट 108 लावा.

कोर्स घेत असाल तर सीबीसी करून घ्या. साधी तपासणी आहे. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असं लिहिलेलं असतं. पुरुषांत ते साधारण 40 ते 50 टक्के असतं. उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णाचं 54 च्या वर गेलं, तर डॉक्टर औषध थांबवतात. जिममध्ये थांबवणारं कुणी नसतं. मनाने रक्त पातळ करायच्या गोळ्याही घेऊ नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. डॉक्टरपासून लपवू नका. “काही घेतोस का?” विचारलं तर लाजून “नाही” म्हणू नका. कोर्स बंद करतानाही त्यांनाच विचारा, कारण एकदम सोडल्यावर मन खचू शकतं. ते तुम्हाला बॅन करणार नाहीत, तुमचा पाय वाचवतील. कदाचित जीवही.

हा एपिसोड जिमच्या ग्रुपवर टाका. कुणाला उद्देशून टाकलाय ते सांगायची गरज नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. भेटूया पुढच्या वेळी. पाणी प्या!