राखेचा पक्का रस्ता

आज मी तुम्हांला राखेविषयी चार गोष्टी सांगणार आहे. राख म्हटली की आपल्याला भांडी घासणे आठवते, नाही तर उकिरडा आठवतो. राखेने रस्ता पक्का होतो असे सांगितले, तर तुम्ही हसाल. हसू नका. नीट ऐका.

आपले जुने वाडे पाहा, जुन्या विहिरी पाहा. त्या काळी सिमेंट नव्हते. गवंडी चुन्यात सुरखी घालीत. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड. चुना, सुरखी आणि पाणी एक झाले की दगडासारखे घट्ट होई. नुसत्या चुन्याला तेवढा जोर नसे. राखेचे काम या सुरखीसारखेच आहे.

पण ही राख चुलीतली नव्हे, बरं का! ही दगडी कोळशाची राख. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे वीज तयार करण्याची मोठी केंद्रे आहेत. तिथे कोळसा दळून पिठासारखा करतात आणि जाळतात. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. १०० किलो कोळसा जाळला, तर साधारण ३० ते ४० किलो राख उरते. जाड राख भट्टीच्या तळाशी पडते. बारीक राख धुराबरोबर वर जाते. ती यंत्राने पकडतात. तिचे नाव उडती राख. इंजिनियर तिला फ्लाय ॲश म्हणतात.

एवढी राख ठेवायची कुठे? ती पाण्यात कालवून मोठ्या तळ्यांत सोडतात. त्यात जमीन अडकते. तळे वाळले की राख वाऱ्यावर उडते. पिकावर बसते, घरात येते, छातीत जाते. म्हणून ती कामाला लावलेली बरी. १९९९ साली केंद्र सरकारने तसा नियमही केला.

आता सिमेंटात ही राख काय करते? सिमेंटाला पाणी लागले की त्यातून थोडा चुना सुटतो. हा चुना काही कामाचा नसतो. राख त्याला धरते. दोघांचे मिळून नवे बांधणारे द्रव्य तयार होते. त्याने बारीक छिद्रे बुजतात. पाणी सहसा आत शिरत नाही. रस्ता टिकतो आणि सिमेंटही कमी लागते. १९६२ साली पुऱ्या झालेल्या रिहंद धरणाच्या काँक्रीटातही अशी राख घातली होती.

कोणी म्हणेल, "मग घाला की भरपूर राख!" तसे नाही. भाकरीत मीठ किती, याला माप असते. राखेचेही तसेच. माप इंजिनियरने ठरवायचे. काही सिमेंटात कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख घातलेली असते. ते पोत्यावर छापलेले असते. आता तुम्हांला वाचता येते. पोते वाचा! त्या सिमेंटात जागेवर आणखी राख मिसळू देऊ नका. चुलीची किंवा वीटभट्टीची राख तर मुळीच चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. राख सावकाश काम करते. लोणचे एका दिवसात मुरत नाही. तसेच हे काँक्रीट. त्याला पाणी हवे आणि वेळ हवा. रस्त्यावर ओले गोणपाट पसरा, नाही तर मातीचे आळे करून पाणी साठवा. हे १४ दिवस तरी करायचे. राखेच्या रस्त्याला आणखी दोन-चार दिवस द्या. पाणी तुटले, तर राखेचे काम अर्धेच राहते. वरचा थर भुसभुशीत होतो.

आणि २८ दिवस होईपर्यंत रस्त्यावर गाडी नको. ट्रॅक्टर नको, उसाची बैलगाडीही नको. इथेच आपली घाई होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! चार दिवसांत कोणी ट्रॅक्टर घालतो. रस्ता तडकतो. मग सगळे राखेला नावे ठेवतात. दोष राखेचा नसतो, घाईचा असतो.

तेव्हा मंडळी, गावात रस्त्याचे काम निघाले की बघत उभे राहू नका. पोते वाचा. राख कुठली, ते विचारा. पाणी रोज पडते का, ते पाहा. महिनाभर वळसा घालून जा. रस्ता आपला आहे. त्यावरून आपलीच मुले शाळेत जाणार आहेत, आणि अडल्या बाळंतिणीला त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यायचे आहे.