डोळ्यांची मंद गती आणि डॉ. नोशीर वाडिया यांचे संशोधन



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या स्थानकांच्या पादचारी पुलांवरून सकाळच्या वेळी माणसांचा जो लोंढा वाहतो, त्यात एखादा वयस्क गृहस्थ मध्येच थबकलेला दिसतो. त्याची पावले आखूड पडतात, एक हात शरीराशी जखडल्यासारखा राहतो आणि जिन्याच्या तोंडाशी येताच पाय जमिनीला खिळतात. मागून येणारे लोक वैतागतात. कधी दुसरा एखादा मनुष्य पाय फाकवून, झोकांड्या खात चाललेला दिसतो. त्याला पाहून लोक नाक मुरडतात. सकाळी सकाळीच हा पिऊन आला, असा त्यांचा ग्रह होतो. यांपैकी पहिल्याला बहुधा कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा रोग असतो. दुसऱ्याने मद्याला स्पर्शही केलेला नसण्याचा पुष्कळ संभव आहे. त्याचा लहान मेंदू झिजत चाललेला असू शकतो. दोघांचेही दुखणे हालचालींचे. पण त्यांचा उगम निराळा, उपचार निराळा आणि कुटुंबावर पडणारी छायाही निराळी. हा भेद ओळखण्याच्या कामी मुंबईतील एका सरकारी रुग्णालयातून जगाला मोलाची भर मिळाली. तिचे श्रेय प्रामुख्याने डॉ. नोशीर होरमसजी वाडिया यांचे आहे.

प्रथम कंपवाताविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने सहा रुग्णांच्या आधारे या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या सहांपैकी काही जण तर त्याने रस्त्यातच पाहिलेले होते! चालण्याची ढब, वाकलेली पाठ आणि स्वस्थ बसल्यावर थरथरणारा हात, एवढ्यावरून त्याने रोगाची आकृती नेमकी रेखाटली. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे रसायन निर्माण करतात, आणि ते कमी पडू लागले की हालचालींतील सहजता हरपते. १९६७ च्या सुमारास अमेरिकेत कोत्झियास यांनी लेव्होडोपा मोठ्या मात्रेत देऊन खिळलेल्या रुग्णांना चालते केले. हेच द्रव्य कोकणच्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असते, हे मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते. मात्र कोणी त्या बिया कुटून स्वतःच घेऊ लागेल, तर ते धोक्याचे ठरेल. मात्रेचा हिशेब घरच्या खलबत्त्यात होत नसतो.

आता डॉ. वाडिया यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १९२५ चा. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये मज्जाविकारांचा अभ्यास केला, आणि १९५७ मध्ये मुंबईस परत येऊन ग्रँट महाविद्यालय व त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय येथे कार्य सुरू केले. भायखळा स्थानकापासून जवळच असलेल्या या रुग्णालयात मध्य रेल्वेने ठाण्या-कल्याणकडील रुग्णही पिढ्यान् पिढ्या येत आले आहेत. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. पण पदे आणि सन्मान यांपेक्षा त्यांच्या तपासणीच्या मेजावर काय घडले, ते अधिक सांगण्याजोगे आहे.

तोल जाऊन चालणारे रुग्ण त्यांच्याकडे येत. लहान मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासाची वर्णने वैद्यकीय ग्रंथांत पूर्वीपासून होती. परंतु ती एकमेकांत इतकी मिसळलेली की कोणता रुग्ण कोणत्या गटात घालावा, याविषयी जाणकारांचेही एकमत होत नसे. वाडिया व त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांचे लक्ष मात्र काही रुग्णांच्या डोळ्यांकडे गेले. तपासणी अगदी साधी असते. डॉक्टर आपल्या दोन्ही हातांचे एकेक बोट रुग्णासमोर डावी-उजवीकडे धरतात आणि या बोटाकडून त्या बोटाकडे पाहावयास सांगतात. निरोगी मनुष्याची नजर एका झेपेत तेथे पोहोचते. तिचा प्रवास समोरच्या माणसाला जवळजवळ दिसतही नाही. या रुग्णांची बुबुळे मात्र एखाद्या जड ओझ्यासारखी हळूहळू सरकत. नजर पोहोचावी म्हणून काही जण मानच वळवीत, तर काही जण पापण्या मिटून उघडीत. दृष्टी अधू झालेली नसे, डोळ्यांचे स्नायूही लुळे पडलेले नसत. नजरेला झेप देणाऱ्या ज्या पेशी मस्तिष्कस्कंधात असतात, त्या क्षीण झाल्यामुळे ही गती मंदावते.

अशी नऊ कुटुंबे त्यांनी अभ्यासली. आनुवंशिक रोगाच्या संशोधनात रुग्ण एकटा येऊन भागत नाही. वडील कशाने गेले, आत्या कशी चालत असे, धाकट्या भावाच्या हातून पेला का सांडतो, हे विचारावे लागते. जमेल त्या नातेवाइकाला प्रत्यक्ष बोलावून तपासावे लागते. आपल्या समाजात असली माहिती सांगण्यास माणसे नाखूश असतात, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर विचारावयासच नको. असा संकोच दूर करणे हे यंत्राने होण्यासारखे काम नाही. त्या काळी मेंदूचे छायाचित्र घेणारी आजची यंत्रेही नव्हती. सी. टी. स्कॅनने पहिला रुग्ण लंडनमध्ये तपासला गेला तो १९७१ च्या ऑक्टोबरात; वाडिया-स्वामी यांचा लेख लंडनच्या ‘ब्रेन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तोही १९७१ सालीच. डोळ्यांच्या मंद गतीसह येणारा आनुवंशिक तोलभंगाचा एक नवा प्रकार, अशी त्याची मांडणी होती.

या निरीक्षणाची कसोटी पंचवीस वर्षांनी लागली. क्यूबातील होल्गीन या प्रांतात अशाच रोगाची अनेक कुटुंबे आढळली होती. त्यांच्या रक्ताच्या अभ्यासातून रोगाचे मूळ बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, आणि १९९६ मध्ये तीन संशोधक गटांनी ते जनुक शोधून काढले. या जनुकात तीन रासायनिक अक्षरांचा एक गट पुनःपुन्हा येतो. सामान्य माणसात ही पुनरावृत्ती बहुधा २२ वेळा असते. रुग्णांत ती साधारण ३३ च्या पुढे जाते, आणि जितकी अधिक तितका रोग लवकर प्रकट होतो. म्हणून पित्याला चाळिशीत झालेला त्रास पुत्राला पंचविशीत होऊ शकतो. या प्रकारास आज एस. सी. ए.-२ असे नाव आहे. १९९८ मध्ये डॉ. वाडिया यांनी सहकाऱ्यांसह त्याच ‘ब्रेन’मध्ये सहा भारतीय कुटुंबांचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या लेखाचा मुख्य विषयही रोगनिदानात डोळ्यांच्या मंद गतीचे असलेले महत्त्व हाच होता. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

या रोगाचे कंपवाताशी नातेही गुंतागुंतीचे आहे. एस. सी. ए.-२ असलेल्या काही कुटुंबांत तोल जाण्याऐवजी कंपवाताचीच लक्षणे पुढे येतात, आणि ती लेव्होडोपाने काही अंशी कमीही होतात, असे पुढे जगातील अन्य संशोधकांना दिसले. याच्या उलट, उतारवयात चक्कर येते म्हणून महिनोन्महिने घेतलेल्या सिनारिझिनसारख्या गोळ्यांमुळेही कंपवातासारखी स्थिती निर्माण होते. गोळी बंद केल्यावर ती बहुधा हळूहळू ओसरते. अर्थात बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. हात थरथरू लागला की ‘वय झाले’ म्हणून घरात स्वस्थ बसणे, आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची औषधे आणणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

कंपवाताच्या प्रमाणाविषयी मुंबईतच भरूचा व सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींमध्ये घरोघर पाहणी केली होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे १४,००० लोकसंख्येत लाखामागे ३२८ इतके प्रमाण आढळले. पारशी समाजात वृद्धांचा भरणा मोठा असल्याने हा आकडा जसाच्या तसा ठाणे किंवा डोंबिवलीस लावता येणार नाही. तथापि ही शहरेही आता वयस्क होत आहेत. नोकरीच्या निमित्ताने गिरगाव-दादर सोडून डोंबिवलीस बिऱ्हाड केलेली पिढी निवृत्त होऊन बराच काळ लोटला आहे, आणि जिने असलेल्या, उद्वाहक नसलेल्या जुन्या इमारतींतूनच तिच्यापैकी अनेकांचे वास्तव्य आहे.

अशा कुटुंबांनी प्रथम नजीकच्या सार्वजनिक रुग्णालयात जावे. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय व कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महानगरपालिकांची रुग्णालये आहेत. मज्जाविकारतज्ज्ञाची गरज भासल्यास तेथील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जे. जे. किंवा परळच्या के. ई. एम. रुग्णालयात जाता येते. जाताना जुनी कागदपत्रे, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने आणि घरात आणखी कोणाला असा त्रास होता काय, याची टिपणी सोबत असावी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या अनुसूचीत दीर्घकालीन मज्जाविकारांचे उदाहरण म्हणून पार्किन्सनच्या रोगाचा नावानिशी उल्लेख आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केवळ हात-पाय गमावलेल्यांसाठी असते, अशा समजुतीने अनेक रुग्ण अर्जच करीत नाहीत.

एस. सी. ए.-२ च्या कुटुंबांपुढचा प्रश्न मात्र याहून कठीण आहे. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. रक्ताची तपासणी उपलब्ध आहे. रोग समूळ बरा करणारे औषध नाही. व्यायामाने चालणे काही काळ टिकविता येते, कंपासारख्या लक्षणांवर गोळ्या देता येतात. आज धडधाकट असलेल्या वीस वर्षांच्या मुलाने आपले भवितव्य जाणून घ्यावे की न घ्यावे? तपासणीपूर्वी जनुकीय समुपदेशन व्हावे, असे तज्ज्ञ आग्रहाने सांगतात, आणि निर्णय त्या मुलावरच सोपवितात. आईवडिलांनी त्याच्या वतीने तो घ्यावयाचा नसतो.