धुराला किनारा नसतो



परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी एकेकाळी मुंबईच्या वैभवाची खूण मानली जात. १९८२ च्या संपानंतर बहुतेक धुराडी थंडावली. धूर मात्र शहर सोडून गेला नाही. वाहनांतून, कारखान्यांतून, जळत्या कचऱ्यातून तो निघतच राहिला. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून सुटणारा वारा गिरगाव-दादरची हवा अरबी समुद्रावर नेतो. दुपारचा खारा वारा तिचा काही भाग परत आणतो. उरलेले सूक्ष्म कण ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर विषुववृत्ताकडे जातात.

जानेवारी ते मार्च १९९९ या काळात ‘इंडोएक्स’ मोहिमेने याचाच शोध घेतला. डॉ. वीरभद्रन रामनाथन, नोबेल विजेते पॉल क्रुट्झेन व डॉ. ए. पी. मित्रा हे तिचे धुरीण. भारताचे ‘सागरकन्या’ जहाजही तीत होते. उत्तर हिंदी महासागरावर सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत धुरके आढळले. त्यातील काजळी ऊन शोषते, इतर कण ते परतवतात. त्यामुळे पाण्यापर्यंत ऊन कमी पोहोचते आणि बाष्पीभवन मंदावते.

ऑगस्ट २००२ मध्ये, जोहान्सबर्ग परिषद तोंडावर असताना, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने याला ‘आशियाई तपकिरी ढग’ म्हटले. युरोपचा धूर उत्तर ध्रुवाकडे जातो तेव्हा मात्र त्याला ‘आर्क्टिक धुरके’ म्हणतात. युरोपचे नाव त्याला चिकटत नाही! भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. जे. श्रीनिवासन व डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मधून सप्रमाण उत्तर दिले. हे धुरके ऋतुपरत्वे येते, इतर खंडांवरही असते, आणि मान्सूनविषयीचे दावे पुराव्याच्या पुढे धावत आहेत, असे त्यांनी मांडले. पुढे नावातील ‘आशियाई’ शब्द गळला. स्वाभिमान घोषणेने नव्हे, अशा अभ्यासाने राखला जातो.

परंतु उत्तर दिल्याने कर्तव्य संपत नाही. पवईच्या आयआयटीतील डॉ. चंद्रा वेंकटरामन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, भारतातील काजळीचा सर्वांत मोठा स्रोत चुलीतील लाकूड-गोवऱ्यांचे जळण हा होता. म्हणजे सागरावर पसरण्यापूर्वी ती काजळी आपल्या माता-भगिनींच्या छातीत उतरते. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो. काजळी काही दिवसांत खाली येते. म्हणून तिच्यावरील उपायाचे फळ याच पिढीला मिळू शकते.

जगाने बोट दाखविले म्हणून नव्हे, तर घर आपले आहे म्हणून चूल निर्धूर व्हावी, वस्तीत कचरा जळू नये. सागराला माता मानणाऱ्या समाजाला हे व्रत कठीण नाही.