साधनांची पारख

शोधनिबंध लिहावयास घेतलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढील मुख्य अडचण ग्रंथांच्या दुर्मिळतेची आहे, अशी समजूत अद्यापि आढळते. वस्तुतः आज संदर्भ विपुल आहेत. अवघड आहे ती त्यांची पारख.

शिवजन्मतिथीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. उत्तरकालीन बखरींनी शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७ हे जन्मवर्ष दिले. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही तेच वर्ष आले आणि पुढे अनेक पुस्तकांनी ते उतरवून घेतले. पुस्तके वाढली, साक्षीदार मात्र वाढले नाहीत. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रकाशात आणली. मावळातील एका देशमुख घराण्याच्या या टिपणात फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी होती. पुढे १९२७ मध्ये कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून प्रसिद्ध झाले. या समकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी निघाली. एक देशमुखी दप्तरातील टिपण, दुसरे कवीचे काव्य. दोहोंचा मेळ बसला, म्हणून त्याचे मोल शंभर उताऱ्यांहून अधिक ठरले.

विद्यार्थ्याने संदर्भ हाती घेताच हेच विचारावे: लेखकास ही माहिती कोठून मिळाली? तळटिपा आहेत काय? प्रसिद्धीपूर्वी त्या विषयाच्या तज्ज्ञांनी लेख तपासला काय? नावात ‘आंतरराष्ट्रीय’ शब्द घालून, शुल्क घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिके आहेत; त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. ‘शोधगंगा’ या संगणकीय भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. ते परीक्षकांच्या नजरेखालून गेलेले असले, तरी त्यांतील संदर्भसूची धरून मूळ साधनापर्यंत जाणे हाच त्यांचा खरा उपयोग. शासकीय मासिकातील लेख, हे भाषणही त्यात आले, विषयाची ओळख करून देतो; त्याला प्रमाण मानू नये.

पंचायत सदस्यांचा या कामाशी संबंध नाही, असे मात्र नव्हे. गावच्या पाणीपुरवठ्यावर लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीस ग्रामसभेच्या इतिवृत्ताइतके जवळचे मूळ साधन क्वचितच मिळेल. ती कार्यालयात आली असता ‘नंतर या’ असे सांगून तिला परत पाठविले, तर ती वृत्तपत्रातील कात्रणावर निबंध उभा करील. पुढे कोणी त्याच निबंधाचा आधार घेईल, आणि गावाविषयीची एखादी चूक १६२७ सारखीच पुस्तकांतून फिरू लागेल.